दारावरून आलेलं पाणी

"आलं बघा माझ्या दारावरनं," असं म्हणून आबा लोखंडी चावी खड्ड्यातून वर ओढायचे, खांद्यावर टाकायचे आणि पुढच्या आळीकडे चालू लागायचे. चावी म्हणजे कुलपाची नव्हे. छातीएवढी उंच, वर आडवा दांडा असलेली, जमिनीखालच्या पाइपाचा व्हॉल्व्ह उघडायची चावी. ती खांद्यावर घेतलेले आबा लांबून औत घेऊन निघाल्यासारखे दिसायचे.

आमच्या वसाहतीला पाणी सोडायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. पुरुष चावीवाला म्हणत, आम्ही बायका आबा म्हणायचो, आणि पाणी आलं नाही की सगळे मिळून जे म्हणायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ही सत्तर सालानंतरची गोष्ट. घोरावाडीच्या आसपास तेव्हा शेतं विकली जात होती आणि कारखान्यांचे नवे पत्रे उन्हात चमकत होते. मी लोणावळ्याची, लग्न होऊन इथे आले आणि रेडिओचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात कॉइल गुंडाळायला लागले. केसाहून बारीक तांब्याची तार. जोरात श्वास सोडला तरी तुटायची. दिवसभर तोंड मिटून बसायचं, त्यामुळे साठलेलं सगळं बोलणं नळावर निघायचं. वसाहतीत तर जेवण भोंग्यावर, झोप भोंग्यावर. शेजारणींचं भांडणसुद्धा पाळीचा भोंगा झाला की अर्ध्यावर थांबायचं आणि संध्याकाळी तिथूनच पुढे सुरू व्हायचं.

आबांशी माझं पहिलं बोलणं म्हणजे भांडणच. मी बादली नळाला लावून वेणी घालत उभी होते. बादली भरून वाहत होती. आबा आले, त्यांनी नळ बंद केला आणि म्हणाले, "बाई, सांडू नका. माझ्या दारावरनं आलंय त्ये."

माझी जीभ तेव्हा तिखट होती, आजही फार गोडावलेली नाही. मी म्हटलं, "तुमच्या दारावरनं कसं? धरणातनं आलंय की."

"त्येच म्हंतो मी," आबा म्हणाले आणि गेले.

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. शेवंता माझ्या शेजारची, सुदुंबऱ्याची, माझ्याच कारखान्यात होती. ती म्हणाली, "अगं, त्यांचं गाव बुडालंय धरणात. घरादारावर पाणी आलं, तवा हितं आले. न्हाईतर शेतकरी माणूस, हातात चावी कशाला घेईल?"

मग मला ते बोलणं कळलं. आणि एकदा कळल्यावर आबांशी सूर जुळायला वेळ लागला नाही. कुणी ऐकणारं मिळालं की ते पाण्याची वाट सांगायचे. "आदी देवळाच्या पायरीवरनं. मंग पाटलाच्या गोठ्यातनं. मंग माझ्या ओट्यावरनं उतरतंय. तवा शेणाचा वास आला तर पाटलाला बोला, मला न्हाई." स्वतःच हसायचे. पण नळ टपकताना दिसला की हसू जायचं. दुसऱ्याच्या दारातला नळसुद्धा ते सुतळीने आवळून बांधायचे. आम्ही चेष्टा करायचो की आबांना घाम आला तरी ते पुसून पिंपात टाकतील.

त्यांची बायको, आम्ही तिला मावशी म्हणायचो, त्याहून अवघड. ती नळाचं पाणी पीत नसे. सगळ्या वसाहतीला पाणी सोडणाऱ्याची बायको रोज कळशी घेऊन रुळांपलीकडे मळ्यातल्या विहिरीवर जायची. नळाचं पाणी धुण्याभांड्याला चाले, तोंडात जायचं नाही. भाकरीचं पीठसुद्धा ती विहिरीच्या पाण्यात मळायची. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मी आडवळणाने बोलणारी नव्हे, मी सरळ विचारलं. मावशी म्हणाली, "मला न्हाई गोड लागत." आणि कळशी उचलून निघून गेली.

नवराबायकोत बोलणंही नव्हतं. म्हणजे भांडण नव्हतं, पण शब्दही नव्हता. मी एकदा त्यांच्या खोलीत मीठ मागायला गेले. आबा भिंतीला टेकून बसले होते, हातभर अंतरावर. मावशी मला म्हणाली, "त्यांना सांग, भाकर झाली." मी त्यांच्याकडे वळले. आबा मला म्हणाले, "तिला सांगा, जेवतो." मला हसू आलं. घरी येऊन नवऱ्याला नक्कल करून दाखवली. त्या हसण्याचं काय करू आता?

त्यानंतर दोन-तीन उन्हाळे गेले असतील. एका उन्हाळ्यात मावशी खंगत चालली. खोकला थांबेना, अंगावरची चोळी सैल होऊन लोंबायला लागली. डॉक्टरांनी आबांना बाजूला घेऊन सांगितलं की आता घरीच ठेवा, पावसाळा निघणार नाही. विहिरीवर जायचं मावशीच्याने होईना. मग आबा कळशी घेऊन रूळ ओलांडू लागले.

आणि त्याच दिवसांत आमच्या नळाची धार करंगळीएवढी झाली. पहिल्या पाळीच्या बायका रिकामी भांडी तशीच टाकून कामावर जाऊ लागल्या. वरच्या आळीत तर थेंब नाही. सगळे म्हणत, धरणात पाणी कमी, वरूनच कमी सोडतात. मीही तेच धरून बसले होते. एक दिवस कारखान्याला सुट्टी होती, मी ओढ्यातल्या उरल्यासुरल्या डबक्यावर गोधड्या धुवायला गेले, तर कोरड्या ओढ्यात पाणी वाहत होतं. स्वच्छ, नळाचं पाणी.

पाइप धुऊन काढायला ओढ्याच्या टोकाशी एक व्हॉल्व्ह होता. तो पुरता उघडा होता. शेजारी चावी आडवी ठेवून आबा उकिडवे बसले होते आणि वाहत्या पाण्याकडे बघत होते. ज्याने माझी बादली सांडू दिली नाही, तो माणूस!

मी चिडले. "आबा, बायका पाण्यावाचून मरतायत वर. आणि तुम्ही हे काय चालवलंय?"

"बसा," ते म्हणाले. मी बसले नाही. ते पाण्याकडेच बघत बोलायला लागले.

"आमाला एक पोरगी झालती. लय नवसानं. चालायला लागली आन् तापानं गेली. लहान मूल, जाळत न्हाईत, पुरत्यात. नदीकडंला करंजाच्या बुडाला पुरली. वर दगड ठिवला. ही रोज त्या दगडाला हळदकुंकू लावायची, म्हशीचं दूध घालायची.

"मंग गाव उठलं. परत्येकानं आपापले देव घेतले. भैरोबाचा तांदळा, शेंदराचा धोंडा, माझ्या डोईवर. मान आमच्या घराचा. देव डोईवर असला का खाली ठिवायचा न्हाई, कुणाशी बोलायचं न्हाई, मागं वळायचं न्हाई. नव्या जागी टेकवला का मोकळं. मी निगालो. ही मागनं वरडत व्हती, 'आवो, दगड ऱ्हायला. पोरगी ऱ्हायली.' मी वळलो न्हाई. कसा वळू? सगळ्या गावाचा देव व्हता डोक्यावर. म्हटलं, देव पोचवतो आन् उद्या येतो. गावातल्या बाया तिला वढून घिऊन आल्या. त्या राती डोंगरात पाऊस झाला. दुसऱ्या दिशी गेलो तर करंजाचा शेंडा तेवढा दिसत व्हता."

मी खाली बसले.

"तवापासनं बोलत न्हाई माझ्याशी. पोरीच्या अंगावरनं आलेलं पाणी कसं पिऊ, भिंतीकडं बघून म्हंती. आता ती ऱ्हात न्हाई. जायच्या आदी तेवढा दगड तिच्या मांडीवर आणून ठिवायचाय मला. मागल्या आठवड्यात जाऊन आलो धरणावर. देवळाची पायरी उघडी पडलीय. करंज कमरेएवढा वर आलाय. थोडं ऱ्हायलंय, लय न्हाई."

"आबा," मी म्हटलं, "एवढ्याशा पाइपाने धरण आटतं का?"

"थेंबाथेंबानंच भरलंय न्हवं?" ते म्हणाले. "मंग थेंबाथेंबानं आटंल."

त्यांच्या चेहऱ्यावर वेडाची खूण नव्हती. मेहनतीवर भरवसा असलेल्या माणसाचा चेहरा होता. विहीर उपसायची तर बैल जुंपायचे आणि मोट ओढत राहायची, कधी तरी तळ दिसतोच, हे त्यांनी जन्मभर केलेलं. त्यांच्या हिशेबी धरण म्हणजे मोठी विहीर आणि चावी म्हणजे मोट. मला वाद घालावासा वाटला नाही. मी न धुतलेल्या गोधड्या उचलल्या आणि घरी आले.

तक्रार कुणी केली ते विचारू नका. सगळ्याच आळ्यांनी केली, आणि पाण्यावाचून पोरं रडत असताना कुणाला दोष देऊ? पाणीखात्याचा माणूस जीपमधून आला, ओढा बघितला आणि तिथल्या तिथे चावी काढून घेतली. चावी गेल्यावर त्यांचा उजवा खांदा रिकामा दिसायचा आणि तरी तो थोडा खालीच राहायचा. नवा चावीवाला तरुण होता, शिटी वाजवत यायचा. पाणी वेळेवर आलं, भरपूर आलं. आम्ही सुखावलो, हेही खरंच आहे.

मावशी गेली ती दुपारी. माझी दुसरी पाळी होती, पण शेवंताने हाक मारली म्हणून मी गेलेच नाही. मावशीचा श्वास वर लागला होता. शेवंता म्हणाली, "पाणी घाला तोंडात." खोलीत विहिरीच्या पाण्याची कळशी पालथी होती, आबा ती रिकामी करून दुसरी घेऊन मळ्याकडे गेले होते. मी मावशीच्या कानाशी वाकले. "मावशी, आबा विहिरीचं आणायला गेलेत. येतीलच."

तिने डोळे उघडले. "नळाचं दे," ती म्हणाली.

मला वाटलं, शुद्धीत नाही. "नळाचं, मावशी?"

"तिच्या अंगावरनं येतंय न्हवं? दे."

मी माझ्या घरून तांब्या आणला. ती थोडंच प्यायली, पण चव घेत प्यायली. लहान मुलाचा पापा घेताना बाई जशी डोळे मिटते, तसे तिने मिटले. मग श्वास थांबला. मी इतकी रडले की शेवंताला मलाच धरावं लागलं.

आबा आले तेव्हा कळशी काठोकाठ भरलेली होती. रूळ ओलांडून, उन्हातून, एक थेंब न सांडता आणलेली. त्यांनी मावशीकडे बघितलं, मग तांब्याकडे.

"कुटलं पाणी?" त्यांनी मला विचारलं.

"नळाचं. तिनेच मागितलं, आबा."

ते कळशी धरूनच उभे राहिले. मग म्हणाले, "माझ्याशी बोलायचं काय म्हणाली का?"

काय सांगू? ती पोरीचं बोलली होती. आबांचं नाव तिने काढलं नव्हतं. मी मान हलवली, नाही म्हणून.

"बरं," आबा म्हणाले. बाहेर जाऊन त्यांनी ती कळशी कडुलिंबाच्या बुडाशी ओतली. सगळी.

तिची राख घेऊन ते धरणावर गेले. दोन दिवसांत येतो म्हणाले. पावसाळा लागला, तरी आले नाहीत. खोलीला कडी तशीच होती, दोरीवर मावशीचं लुगडं वाळून कडक झालं होतं. एका सुट्टीच्या दिवशी मी आणि शेवंता एसटीने धरणावर गेलो. पाणी काठोकाठ, करड्या रंगाचं, कुठे देवळाची पायरी नाही की झाड नाही. काठावर म्हशी राखणारा एक माणूस भेटला. शेवंताने त्याला आबांचं वर्णन सांगितलं.

"व्हय, म्हातारा. त्यो बुडाल्या गावचा," तो म्हणाला. "उन्हाळा सरंस्तवर हितंच व्हता. रोज करंजाकडं पाण्यात उभा ऱ्हायचा, छातीएवढ्या. पायानं चिखल चाचपायचा. आमी म्हणायचो, आबा, काय सांडलंय? तर म्हणायचा, दगड."

"मग?" मी विचारलं.

"मंग पाऊस लागला. पाणी चढाय लागलं. आमी काठावरनं लय वरडलो, माघारी फिरा म्हणून." त्याने म्हशीला हाकललं. "वळला न्हाई."

संध्याकाळच्या एसटीने आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे शिटी ऐकू आली, खड्ड्यात चावी खडखडली आणि नळाला पाणी आलं. मी कळशी लावली. किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. शेवंताने मागून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बाई," ती हळू म्हणाली, "भरली कळशी. सांडतंय."