उभी मोरी

समस्त आप्तेष्टांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आमच्या आष्ट्याच्या जुन्या घरातली, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जमिनीवर बसलेली दगडी मोरी एका शनिवारी सकाळी कालवश झाली. तिच्यामागे एक गळका पितळी नळ, त्याच्या तोंडाला बांधलेली चिंधी आणि एक बायको असा परिवार आहे.

(बायको माझी. पण मोरीपुढे तिचा माझ्यापेक्षा जास्त वेळ जायचा, म्हणून मोरीच्या परिवारात धरली.)

गोष्ट पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराची. मोरीपुढे उकिडवं बसून भांडी घासता घासता आमच्या सुमनची कंबर धरली. सांगलीच्या डॉक्टरांनी तपासून हुकूम सोडला, "उकिडवं बसणं बंद!" ही बातमी पलूसला सासूबाईंच्या कानावर गेली. सासूबाई म्हणजे उसाच्या फडात उभं राहून टोळीच्या टोळी कामाला लावणारी बाई. त्यांचा निरोप आला, "रविवारी येते. उभ्यानं भांडी घासायची सोय दिसली तर बरं, न्हाईतर लेक घिऊन जाते. कंबर बरी हुईस्तवर हितंच ऱ्हाईल."

माझे धाबे दणाणले. एक तर मला चहासुद्धा करता येत नव्हता. आणि दुसरं म्हणजे (हे तिला वाचून दाखवू नका) ती एक दिवस माहेरी गेली तरी मला घर खायला उठायचं.

अशा वेळी देव पावला. म्हणजे माझा चुलतभाऊ दत्ता रजेवर आला. लष्करात सुभेदार, पूल बांधणाऱ्या पलटणीत.

"दादा, आमी नदीवर पूल टाकतो. मोरी क्या चीज हाय?" असं म्हणून तो सांगलीला गेला आणि पांढरंशुभ्र चिनी मातीचं सिंक आणि चकचकीत नवा नळ घेऊन एसटीनं परत आला. सिंक टपावर चढवताना कंडक्टरनं विचारलं म्हणे, "ह्यात म्हस पाणी पिणार काय वो?"

मी हायस्कुलात चित्रकला शिकवायचो. तेव्हा प्लॅन मी काढणार, हे ओघानंच आलं. आणि काय प्लॅन काढला! सिंक, नळ, नळातून पडणारी धार, धारेवर चमकणारा उजेड, आणि पुढे पदर खोचून, ताठ उभी राहून, हसत हसत भांडी घासणारी बाई! सिंक बरोब्बर तिच्या कमरेशी. दत्तानं प्लॅनला कडक सॅल्यूट ठोकला.

शनिवारी सकाळी आम्ही मोरी फोडली. मग नळाकडे वळलो. नळाला नगरपालिकेचं पाणी सकाळी थोडा वेळ यायचं, आणि तीच वेळ होती.

"पाणी जाऊ दे, मग काढू," मी म्हणालो.

"दादा, फौजी वाट बघत न्हाई!" दत्तानं पाना लावला आणि अंगातली सगळी ताकद लावून पिळला. नळ निघाला. पण एकटा निघाला नाही, भिंतीतला गंजका पाइप अर्धा घेऊन निघाला! जी धार सुटली ती समोरच्या फडताळावर. डाळ, तिखट, हळद, सगळ्यांना एकदमच पोहायला शिकवलं तिनं.

"अंगठा लावा! होल्ड करो!" सुभेदार ओरडला. मी अंगठा लावला. आता पाणी माझ्या बाहीत शिरून विजारीतून बाहेर पडू लागलं.

शेजारच्या खोलीत सुमन खाटेवर कंबर शेकत पडली होती. "आवं, काय फुटलं?"

"काही नाही! तू पड!"

"काय न्हाई व्हय? मग माझी चप्पल पोहत कुठं निघालीया?"

नळाचं पाणी गेलं तेव्हाच माझा अंगठा सुटला. मग मात्र दत्तानं नवा पाइप बसवला, भिंत बुजवली आणि सिंकसाठी विटांचा कट्टा उचलायला घेतला.

"भावजी," खाटेवरून आवाज आला, "माप माझं घ्या हं."

"वैनी, तुमी आराम करा! प्लॅन हाय आपल्याकडं!"

"आवं, तुमी तरी ऐका. माप..."

"तू पड म्हटलं ना!"

प्लॅनमध्ये सिंक कमरेशी होतं. आता भिंतीवर खूण करायची, तर समोर एक कंबर हवी. "दादा, तुमी उभं ऱ्हावा," दत्ता म्हणाला. मी उभा राहिलो. मी म्हणजे शाळेच्या फोटोत कायम मागच्या रांगेतला माणूस. खूण झाली, कट्टा झाला. त्यावर सिंक बसवून दत्तानं असं सिमेंट ओतलं की कट्ट्याऐवजी पूल असता तर वरून रणगाडा गेला असता.

रविवारी सासूबाई आल्या, त्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून. ट्रॉलीत लेकीच्या कमरेला धक्का बसू नये म्हणून जाडजूड गादी अंथरलेली!

त्यांनी चहा घेतला. कपबशा सिंकमध्ये ठेवल्या. सिंकवरून हात फिरवला, नळ सोडून बघितला. "लय झ्याक हाय, जावईबापू!" मी दत्ताकडे बघितलं, दत्तानं मिशीवर ताव दिला. "ये गं सुमे, घास बघू."

सुमन आली आणि सिंकपुढे उभी राहिली. सिंकची कड तिच्या गळ्याशी. गावातलं भांडण बघायला कुणी गडग्यावरून डोकवावं, तशी ती आत डोकावली.

"आई, तळ दिसत न्हाई."

मी धावत जाऊन पाट आणला. पाटावर पाट ठेवला.

"कंबरंच्या बाईला चढवतासा?" सासूबाई कडाडल्या. "डाक्टरनं बसू नगं म्हटलंय, चढ कवा म्हटलं?"

"दत्ता, खाली घे रे हे जरा," मी कुजबुजलो.

"खाली?" दत्ता दुखावला. "दादा, मिल्ट्रीचं काम हाय. तोफ लागंल!"

शेवटी मी प्लॅन पुढे केला आणि शास्त्रीय खुलासा केला. चित्रकलेच्या नियमानं उभा माणूस साडेसात डोक्यांचा. म्हणजे त्याचं डोकं एकावर एक साडेसात वेळा ठेवलं की त्याची उंची भरते. मी बाई नियमानं काढली होती.

सासूबाईंनी प्लॅनमधली बाई बघितली, मग लेक बघितली. "आन् माझी लेक किती डोक्यांची?"

मी डोळा बारीक करून, अंगठा धरून माप घेतलं. "सहा... म्हणजे, सव्वासहा."

"हे आज बघितलं व्हय? इतकी वर्सं नांदतीया ती!" आणि लेकीकडे वळून, "चल, लुगडी भर."

सुमन निघाली. दारात थांबून तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. समोर सिंकमध्ये त्याच कपबशा पडलेल्या. मी बाह्या वर केल्या, नळ सोडला, काथ्या राखेत बुडवला आणि घासायला लागलो. आणि काय सांगू! वाकायला नको, टाचा उचलायला नकोत. कट्टा माझ्या कमरेशी कसा टेलरनं शिवल्यासारखा! कपबशा झाल्या, दुधाचं पातेलं झालं, मी कढई ओढली. आणि मग सुमन हसायला लागली. कंबर धरून, दाराला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कंबर दुखायला लागल्यापासून ती हसलीच नव्हती.

त्या दिवसापासून आजपर्यंत आमच्या घरची भांडी मी घासतो. दत्ताच्या सिमेंटला अजून केसाएवढीही चीर नाही. देव त्याचं भलं करो. सुमन शेजारी स्टुलावर बसते आणि दिवसभराच्या बातम्या सांगते. आम्ही नवरा-बायको त्या नळापाशी जेवढं बोललो, तेवढं त्याआधी कधीच बोललो नव्हतो. तिची कंबर आता ठणठणीत आहे. तरी ती कट्टा खाली घ्यायचं नाव काढत नाही, आणि खरं म्हणजे मीही काढत नाही.

पण त्या रविवारी, लखलखीत कढई हातात धरून, बक्षिसाच्या आशेनं मी मागे वळलो. सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग त्या दाराशी गेल्या आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ट्रॅक्टरवाल्याला ओरडल्या,

"आरं, गादी गुंडाळ रं! लेक ऱ्हाऊ दे हितंच. हितं भांड्याला बाई घावलीया, चांगली साडेसात डोक्यांची!"