वर आलेला किनारा

करिश्मा आत्रामने समुद्र पाहिला नव्हता, आणि दिवसभर ती समुद्राचेच किनारे काढत बसायची. अहेरीच्या बसस्टँडमागे एका दुमजली घरात कंपनीचं छोटं केंद्र होतं. उपग्रहाने वरून टिपलेली चित्रं तिथे यायची. पाणी कुठे संपतं, जमीन कुठे सुरू होते, ते बघून माऊसने रेघ ओढायची. एकाच जागेची जुनी आणि नवी अशी दोन चित्रं असायची, म्हणजे किनारा किती सरकला ते कळायचं.

एकदा दूरच्या एका बेटाचं चित्र आलं. नव्या चित्रात किनाऱ्याभोवती पांढुरका पट्टा होता. होड्या बांधायचा धक्का कोरड्यात उभा होता.

"धनराजभाऊ, इथलं पाणी कुठी गेलं?"

धनराज केंद्र सांभाळायचा, चंद्रपूरचा. तो स्क्रीनवर वाकला. "पाणी नाई गेलं, जमीन वर आली. तिथी खाली जमिनीच्या दोन प्लेटा एकमेकींत घुसून राह्यल्या. भूकंप झाला की कधी एक बाजू अशी उचलते."

"किती दिवसात?"

"दिवस कायचे? चहा निवायच्या आत."

करिश्माने रेघ ओढली. जमीन सरकते तेव्हा ती कोणाच्या तरी पायाखाली असते, हे आजवर तिच्या डोक्यात आलं नव्हतं. चित्र मोठं करून तिने माणसं शोधली. एवढ्या उंचीवरून माणूस दिसत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, डिसेंबरातल्या एका सकाळी, ती खोलीवर भात चढवत होती. फळीवरची ताटं वाजायला लागली. भाताचा गंज गॅसवरून घसरला. गल्लीतून घरमालकीण आशाबाई ओरडल्या, "पोरी, बाहेर ये! हालून राह्यलं!"

बाहेर आली तोवर सगळं थांबलंही होतं. लोक हसत होते, एकमेकांना फोन लावत होते. करिश्मानेही बापाला लावला. झिंगू भामरागडच्या पुढे नदीपलीकडच्या गावात एकटा राहायचा. फोन लागेना. रेंज नसणं तिथे रोजचंच होतं, पण त्या दिवशी तिला ते सोसवेना.

केंद्रावर पोचताच तिने आपलं गाव स्क्रीनवर काढलं. नदीचं वळण, हिरवी धानाची बांधी, कौलांचा एक ठिपका. धान हिरवं, म्हणजे चित्र पावसाळ्यानंतरचं. आज सकाळी त्या ठिपक्याचं काय झालं, ते त्यात कुठून दिसणार?

"आपल्याकडं प्लेटांची कड नाई," धनराज समजावत होता. "गोदावरीच्या अंगानं जुनी भेग आहे म्हणतात, तीच कधीमधी हालते. काई होत नाई. आज काम पाठवायचं आहे, बस खाली."

ती बसली, उठली, पुन्हा बसली. मग बॅग उचलून म्हणाली, "भाऊ, मी जाऊन येतो."

आलापल्लीला दुसरी गाडी धरली. वाटभर ती घरांच्या मातीच्या भिंतींकडेच बघत होती. भामरागडहून गावच्या एकाच्या मोटारसायकलवर बसून ती घरी पोचली, तेव्हा ऊन कलत होतं. झिंगू खळ्यावर बैल फिरवत होता.

"काऊन आली? कामावरून काढलं का तुले?"

करिश्माने आधी घराला फेरी मारली, भिंतीवर हात फिरवला. मागच्या बाजूला एक चीर होती.

"ती मागच्या सालची आहे," झिंगू म्हणाला. "सकाळी कोंबड्या ओरडल्या, तेवढंच."

ती पेंढ्यावर बसली आणि रडली. झिंगूने बैल थांबवले नाहीत, पण फेरी घेताना दर वेळी तिच्याकडे बघत राहिला. शांत झाल्यावर तिने त्याला त्या बेटाचं सांगितलं. समुद्रातून जमीन कशी वर आली, धक्का कसा कोरडा पडला.

कसत आलेली जंगलजमीन नावावर करणाऱ्या वनहक्काच्या पट्ट्यासाठी झिंगूची कितीतरी वर्षं कचेरीत गेली होती. "मग त्या नव्या जमिनीवर नाव कोनाचं लागलं?"

"मले नाई माहीत, बाबा."

"आन् मासे धरनारे? त्यायचं?"

"विचारून सांगतो," ती म्हणाली.

ती अहेरीला परतल्यावर धनराज रागावला, पण त्याने तिला कामावर ठेवलं. तिने बापाचे प्रश्न त्याला विचारले. "आपलं काम रेघेपुरतं," तो म्हणाला. करिश्मा रेघा ओढत राहिली, पण तिचं काम मंदावलं. प्रत्येक चित्रात आधी घरं शोधायची, मग किनारा. धनराजची त्यावरून रोज कुरबुर चालायची.

मे महिन्यात तिने रजा घेतली आणि सिरोंचाची गाडी पकडली. पुढे तेलंगण, मग आंध्रचा किनारा. नेमका त्याच वेळी झिंगूचा फोन लागला.

"कुठी चालली?"

"समुद्र पाहायले."

"रोज तर पाहून राह्यली."

"वरून पाहतो, बाबा," ती म्हणाली. "वरून माणसं नाई दिसत." गाडी अर्धी रिकामी होती, तरी ती दाराजवळच उभी राहिली. कंडक्टरने दोनदा बसायला सांगितलं. ती हो म्हणाली आणि बाहेरच बघत राहिली.