फोटोतला अंगठा

हॉलच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला, हातमोज्यांच्या पेटीच्या वर, एक मोठा फोटो लावलेला आहे. एक उघडा हात तांब्याची नळी मुठीत धरून सर्व्हर वर उचलतोय, आणि त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल फुली. चेहरा दिसत नाही, अंगठा मात्र स्पष्ट दिसतो. पहिल्या पेरापाशी बाहेर वळलेला, रुंद, नखाला मधोमध चीर. असा अंगठा त्या हॉलमध्ये एकाचाच होता, अलगदमामांचा.

मामांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. वजन उचलताना बाकीचे दात-ओठ खायचे, मामा मात्र पुटपुटायचे, "अलगद, अलगद." तेच नाव चिकटलं.

त्यांची उमेदीची वर्षं काचा वाहण्यात गेली. दुकानांच्या दर्शनी भागाला लागतात तसल्या, माणसापेक्षा उंच काचा. अंगठा वाकडा झाला तो त्यातच. एकदा जिन्यात काच निसटली, तेव्हा सोडून बाजूला व्हायचं, तर यांनी ती हातावर झेलली. काच वाचली. बायको दवाखान्यात म्हणाली, "अहो, काच दुसरी आली असती. अंगठा कुठून आणणार?"

"हातातलं सोडायचं कसं, ते शिकलोच नाही," मामा म्हणाले.

पुढे काचांचं दुकान बंद पडलं आणि मामा या हॉलमध्ये आले. इथे ट्रकमधून सर्व्हर, म्हणजे जड, मोठे संगणक, उतरतात, खोक्यांतून निघतात आणि लोखंडी कपाटांत बसतात. हे सर्व्हर पंख्याच्या वाऱ्यावर थंड होत नाहीत. त्यांच्या पोटात तांब्याच्या नळ्या असतात आणि त्यांतून थंड द्रव फिरत राहतो. या नळ्या पुढच्या बाजूला अशा काही वळवलेल्या असतात की बघणाऱ्याला वाटावं, धरायला मूठच दिलीय. तिथेच घात होतो. नळीला धरून वजन उचललं की आतला सांधा केसभर हलतो. बाहेरून काही दिसत नाही. सर्व्हर कपाटात बसतो, चालू होतो, सगळे खूश होतात. मग काही आठवड्यांनी, द्रवाचा दाब सोसून सोसून, तो सांधा पाझरायला लागतो. थेंब खालच्या यंत्रावर पडतो. तोवर हे यंत्र कुणी, कसं उचललं होतं, कुणाला आठवणार?

म्हणून मामांची शिस्त कडक. हातमोजे घालायचे, दोघांनी मिळून तळाच्या पत्र्याखाली हात घालायचे, नळ्यांच्या तोंडावरची टोपणं शेवटच्या क्षणापर्यंत काढायची नाहीत, आणि यंत्र कलू द्यायचं नाही.

त्यांच्या जोडीला होता त्यांचा मेहुणा. बायकोचा एकुलता एक धाकटा भाऊ. मामांनीच शब्द टाकून त्याला कामाला लावला होता. पोरगा चपळ, तोंडाने गोड, पण धीर कमी.

"भाऊजी, किती जपता? सर्व्हर आहे तो, नवरी नाही."

"नवरी निदान स्वतःच्या पायांनी चालते. खाली हात घाल."

हॉलमध्ये हशा पिकायचा. मेहुणाही हसायचा आणि खाली हात घालायचा.

एकदा नव्या लोकांच्या शिकवणीसाठी फोटो काढायचे ठरले. एक बरोबर पद्धतीचा, एक चुकीच्या. बरोबरच्या फोटोसाठी सगळे तयार होते. चुकीच्यासाठीही दोघे-तिघे पुढे सरसावले, पण मामांनी त्यांना अडवलं.

"तुम्ही खरंच ओढाल आणि चांगलं यंत्र बाद कराल. मी धरतो."

शिकवणाऱ्या मॅडमनी त्यांना हातमोजा काढायला लावला, कारण तोही चुकीच्या पद्धतीचाच भाग होता. मेहुण्याने चौकटीबाहेरून, खालून, सगळं वजन पेललं. मामांनी नळीभोवती बोटं फक्त टेकवली, तीही मूठ आवळल्यासारखी वाटेल अशी. नळीवर फुलाइतकाही भार नव्हता.

"हसू नका मामा," मॅडम म्हणाल्या.

"तोंड येतंय का फोटोत? मग हसू द्या की."

फोटो लागला तेव्हा मामांना मनातून बरं वाटलं. चूकसुद्धा इतक्या अलगद करता येते ती आपल्यालाच, असं ते घरी बायकोला म्हणाले. बायकोने शेजारणीला सांगितलं.

मग एक कपाट पाझरलं. वरच्या सर्व्हरमधला द्रव खालच्या यंत्रांवर उतरला आणि सगळं कपाट बंद पडलं. ते बसवणारी जोडी होती मामा आणि मेहुणा. मामांना तो दिवस लख्ख आठवत होता. ट्रकवाल्याने हाक मारली म्हणून ते दाराशी गेले होते. "मी येईपर्यंत हात लावू नकोस," असं बजावून गेले होते. परत आले तर सर्व्हर कपाटात बसलेला. "एकाला मदतीला घेतलं, भाऊजी," मेहुणा म्हणाला होता. मामांनी विश्वास ठेवला होता.

कपाट बंद पडलं त्या संध्याकाळी, कपडे बदलायच्या खोलीत, मेहुणा बाकावर बसून रडला. "मी एकटाच होतो. नळीला धरून चढवला. उद्या मीच सांगतो, भाऊजी. तुम्ही काही बोलू नका."

मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ग्राहकाकडून चौकशीला साहेब आले. आत येता येता ते फोटोपाशी थबकले. मग टेबलाशी बसल्यावर समोरच्या मामांच्या हाताकडे बघत राहिले.

"तो हात तुमचा?"

"हो साहेब. पण ते शिकवणीसाठी, मुद्दाम..."

"कुणी काढला फोटो?"

मॅडम नोकरी सोडून गेल्या होत्या. त्यांचा ठावठिकाणा कुणाला माहीत नव्हता, आणि त्या वेळची बाकीची माणसंही पांगली होती. साहेबांनी मेहुण्याकडे मोहरा वळवला. "फोटो काढला तेव्हा तू होतास?"

मामा थांबले. आता हा बोलेल, सगळंच बोलेल, म्हणून वाट बघत राहिले.

"आठवत नाही, साहेब," मेहुणा टेबलाकडे बघत म्हणाला.

"यांना नळीला धरायची सवय आहे का?"

"मोठे आहेत ते. त्यांना मी काय बोलणार?"

मामांनी तोंड उघडलं. समोर बायकोचा चेहरा आला, आणि ते मिटलं.

घरी बायकोला त्यांनी सगळं सांगितलं. ती बराच वेळ भांडी पुसत राहिली. पुसलेलीच पुन्हा पुसत.

"अहो, त्याचं लग्न ठरतंय," शेवटी ती म्हणाली. "आणि तुम्हाला काही कामावरून काढलेलं नाही ना?"

"नाव गेलं माझं."

"नाव काय, लोक विसरतात."

लोक विसरले नाहीत. मामांना फाटकाजवळच्या शेडमध्ये पाठवलं. तिथे रिकामी खोकी मोडायची आणि फोमचे तुकडे वेगळे करायचे. सर्व्हरला हात लावायची मनाई. जोडीप्रमुख झाला मेहुणा, आणि नव्या लोकांची शिकवणीही त्याच्याकडेच आली. फोटोसमोर उभा राहून तो सांगतो, "असं धरलं की काय होतं ते या कंपनीने भोगलंय." नवे लोक जेवणाच्या सुट्टीत शेडवरून जाताना मामांच्या हाताकडे हळूच बघून घेतात. मामा हल्ली खोकी मोडतानाही हातमोजे काढत नाहीत.

एकदाच ते नव्या अधिकाऱ्याकडे गेले. फोटो उतरवा, म्हणाले.

"मामा, राहू द्या," अधिकारी समजुतीच्या सुरात म्हणाला. "नुसत्या सूचना कोण वाचतं? त्याच्यामागे खरी गोष्ट आहे म्हणून तो लक्षात राहतो."

लग्नानंतर मेहुण्याने नवं घर घेतलं, जिन्याने वर चढायचं. जेवणाचं टेबल आणलं, त्याला जाड काचेचा एकसंध पृष्ठभाग. दुकानाच्या माणसांनी ती काच खालीच टेकवून काढता पाय घेतला. सुट्टीच्या दिवशी सकाळीच मेहुण्याचा फोन आला.

"भाऊजी, येता का जरा? हे काम दुसऱ्या कुणाच्या भरवशावर टाकायचं म्हणजे जिवाला घोर."

बायकोने त्यांच्या चपला पुढे सरकवल्या.

जिन्यात मामा खालच्या बाजूला राहिले, कारण सगळा भार खालच्यावर येतो. मेहुणा वर, उलटा चढत होता. वळणावर त्याचा पाय अडखळला आणि त्याच्या हातून काच सुटली. ती सगळी मामांवर आली. त्यांच्या मनात स्वच्छ विचार आला, सोड. बाजूला हो. किती सोपं आहे.

त्यांनी छाती पुढे केली, वाकडा अंगठा काचेच्या कडेखाली गेला, आणि काच जागच्या जागी थांबली.

"वाचली," वरून मेहुणा म्हणाला. कपाळावरचा घाम पुसून तो हसला. "म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

मामांनी मान वर केली नाही.

"खाली हात घाल," ते म्हणाले.