अकरा नंबरची जागा

एका रविवारी सकाळी जयपुरात आदर्श नगरच्या बास्केटबॉल कोर्टवर माझा दादा कोसळला. तो उठला नाही. डॉक्टरांनी कारण लिहिलं, हृदय.

त्यानंतर वर्षभराने जे घडलं, तसल्या गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत. मी ग्रंथपाल आहे.

बाबांची विमा कंपनीत साताऱ्याहून जयपूरला बदली झाली, तेव्हा दादा याच कोर्टवर बास्केटबॉल शिकला. भारताकडून खेळला, मग दहा वर्षं परदेशी व्यावसायिक लीगमध्ये. परतल्यावर इथल्या मुलींना शिकवू लागला. ज्या डाव्या कोपऱ्यातून तो शॉट मारायचा, त्याला सगळे अजून 'भाईसाब का कोना' म्हणतात.

वर्षश्राद्धानंतर त्याने शिकवलेल्या मुलींनी सामना ठेवला. पहिली दोन मिनिटं पाचऐवजी चौघींनीच खेळायचं, दादाची अकरा नंबरची जागा रिकामी. मग त्याची पंधरा वर्षांची मुलगी मुक्ता त्याची अकरा नंबरची जर्सी घालून उतरणार.

सामना सुरू झाला. समोरच्या संघातली, सीतापुऱ्याच्या कॉलेजची एक मुलगी दादाच्या त्या कोपऱ्यात हात पसरून सरकत होती, मागे हटत होती, पुन्हा आडवी जात होती. समोर कुणीच नव्हतं.

"अरे, हवा को मार्क कर रही है!" मुली हसल्या.

ती खेळ सोडून थेट माझ्याकडे आली; मी बाकावर मुक्ताशेजारी बसले होते. "आंटी, वो इलेवन वाले सर... बार-बार कुछ बोल रहे थे."

"क्या?"

तिला मराठी येत नव्हती. तिने जपून उच्चारलं — "पोरीला बसव."

दादा मुक्ताला कधी नावाने हाक मारायचा नाही. पोरी म्हणायचा. घरात.

मुक्ता उठली. मी तिचा दंड धरला.

"आत्या, सोड ना! मतलब... माझी वेळ झाली!"

"नाही."

"बाबा असते तर खेळू दिलं असतं!"

सामना संपेपर्यंत मी सोडलं नाही. तिच्या दंडावर माझी नखं उमटली होती.

नंतर दोन डॉक्टरांकडून तिच्या हृदयाच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. दोघंही म्हणाले, खुशाल खेळू द्या. पण वहिनीला मी ते दोन शब्द सांगितले होते. ती म्हणाली, "नकोच."

एक विचार मी वहिनीला सांगितलेला नाही. दादाला सामन्यातून बाहेर काढलेलं कधीच सहन व्हायचं नाही. तो पोरीला वाचवत होता... की ती जागा त्याला सोडायची नव्हती? याचीच मला जास्त भीती वाटते.

सात महिने झाले. मुक्ता खेळत नाही. माझ्याशी बोलतही नाही.