चालत्या मशीनची नळी

तमाम सुजाण नागरिकांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, बीदरच्या बसस्टँडामागे, पंक्चरवाला आणि झेरॉक्सवाला यांच्या मधोमध असलेल्या दहा फुटी दुकानात, त्या वर्षी ऐन दसऱ्यात एक महाभयंकर पेच उभा राहिला होता. एका धडधाकट, चालत्याबोलत्या व्हिडिओ गेमच्या मशीनचं काळीज काढून दुसऱ्या मेलेल्या मशीनला बसवावं की न बसवावं? या प्रश्नावर सरकारने समिती नेमली नाही. बंगळूरहून कुणी साहेब आला नाही. गावावर रोज घिरट्या घालणाऱ्या हवाईदलाच्या शिकाऊ विमानांनीही खाली वाकून पाहिलं नाही. सगळा भार पडला माझ्यावर आणि दाजींवर. आणि आम्ही दोघं तर तेव्हा इतके थकलो होतो की कुणी ‘चहा घेणार का?’ विचारलं तरी उत्तर द्यायला वेळ लागायचा.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दुकान आम्हां दोघांचं. नव्वदीच्या मध्यात आम्ही ते टाकलं तेव्हा सहा मशीनं होती, सगळी हैदराबादहून जुनीच आणलेली, कपाटाएवढी उंच. आयटीआयची, कॉलेजची पोरं दारात रांग लावायची. खेळणारा एक आणि मागून सल्ला देणारे अकरा. त्या गलक्यात मी राजासारखा फिरायचो. मग एकेक पोरगा हैदराबादच्या नाहीतर पुण्याच्या गाडीत बसला. पोरं गेली, तशी मशीनंही गेली. एक बंद पडलं की त्याची बटणं दुसऱ्याला, दुसरं बंद पडलं की त्याची दांडी तिसऱ्याला. असं करत शेवटी दोन उरली.

एक होतं मारामारीचं. त्यातल्या त्यात नवं, दोन पैलवान एकमेकांना लाथा घालतात ते. दुसरं विमानाचं. ते सगळ्यांत जुनं, आणि त्याच्या पोटात आधीच्या चारही मयतांचे अवयव होते. दांडीची स्प्रिंग शिवणयंत्राची होती, एका बटणाखाली दाजींच्या जुन्या चपलेचं रबर होतं. तरी सकाळी खटका दाबला की ते बिचारं गुरगुरत उठायचं आणि दिवसभर आपलं गाणं वाजवत कोपऱ्यात उभं राहायचं. त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. एक अक्का सोडून.

ही अक्का जवळच्या कमठाणा गावची. रोज पेरूची पाटी घेऊन बसस्टँडावर यायची. वय पन्नाशीचं, कपाळावर विभूतीची बोटं, आवाज असा की तिने ‘पेरू’ म्हटलं की बीदरच्या किल्ल्यातली कबुतरं उडावीत. दुपार कलली आणि पाटी रिकामी झाली, की पाचच्या गाडीपर्यंत तिच्याकडे अर्धा तास उरायचा. एकदा सावलीला म्हणून ती दुकानात टेकली, विमानाच्या मशीनकडे बघत राहिली आणि म्हणाली, “ह्ये काय करायलंय रे?”

मी सांगितलं. खालचं विमान आपलं, वरची दुश्मनाची, पाडायची.

“पाडता येत्यात?” तिचे डोळे चमकले. “अरं, सकाळपास्नं संध्याकाळपतुर आमच्या गावावर घिरट्या घालत्यात. कान किटले माझे. एखादं तरी पाडू दे की!”

त्या दिवसापासून तिचा रोजचा एक डाव ठरला. पाटी मशीनला टेकवायची, पदर खोचायचा आणि सुरू. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात तीन छोटी विमानं दिसायची, म्हणजे तीन जीव. एक पडलं की एक कमी. अक्का इतकी तयार झाली की पाचच्या गाडीचा हॉर्न वाजेपर्यंत तिची तिन्ही शिल्लक असायची. मग ती खेळ तसाच सोडून पळायची आणि उरलेला डाव मी संपवायचो. माझी तिन्ही दोन मिनिटांत जायची. हे मी तिला कधी सांगितलं नाही. पुरुषाला काही अब्रू असते.

आता पाप कसं घडलं ते सांगतो.

आमच्याकडे खांडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा होते. शेतकरी औताची करतो, ड्रायव्हर गाडीची, झेरॉक्सवाला झेरॉक्सची. आम्ही मशीनांची करायचो. त्या सकाळी दाजींनी सोवळं नेसून मारामारीच्या मशीनला विभूती लावली, झेंडूचा हार घातला, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधले. नारळ एकच आणला होता.

“आणि ह्याला?” मी विमानाच्या मशीनकडे बोट केलं.

“त्याला फूल बास,” दाजी म्हणाले. “कमावतंय कोण, त्याला नारळ.”

नारळ फोडला आणि दोन्ही वाट्या, आतल्या पाण्यासकट, नैवेद्य म्हणून मशीनच्या डोक्यावर ठेवल्या. डोक्यावर वारा जायला भोकं असतात, हे आम्हां दोघांनाही बारा वर्षं ठाऊक होतं. देवाच्या कामात ते कुणाला आठवतं? तेवढ्यात हैदराबादहून सुट्टीला आलेले दोन गडी घुसले आणि जुन्या हौसेने त्यांनी बटणांवर मुठी हाणायला सुरुवात केली. मशीन हललं, वाटी कलंडली. आत काहीतरी चर्र झालं, मग टच्च असा आवाज आला, आणि भोकांतून धूर निघाला. मी उदबत्तीचा समजून हात जोडले. दाजींनी तर डोळे मिटले. उघडले तेव्हा पडदा काळा होता.

टीव्ही दुरुस्त करणारे उस्ताद आले. त्यांनी मागची फळी काढली, नाक आत घातलं आणि बाहेर येऊन म्हणाले, “नारियल का पानी गरम नली पे गिरा. गर्दन तडक गई. अल्ला मालिक.”

नळी म्हणजे पिक्चर ट्यूब. तिची काचेची मान तडकली होती. तसल्या मापाची नळी हैदराबादेतही आता मिळत नाही, हे उस्तादांनी तीनदा सांगितलं. मग ते कोपऱ्याकडे बघायला लागले. दाजीही बघायला लागले. विमानाचं मशीन आपलं गाणं वाजवत होतं. दोन्ही मशीनांच्या नळीचं माप एकच होतं.

“न्हाई,” मी म्हणालो.

“कामून न्हाई?” दाजींचा आवाज चढला नाही. चढवायला त्यांच्यात त्राण नव्हतं. “मेव्हणं, दसरा ते दिवाळी गावी आलेली पोरं खेळत्यात, त्यावर आपलं वर्ष निघतं. मारामारी बंद, तर दुकान बंद. मी आपला हैदराबादला जातो वॉचमन म्हणून, जागा तयारच हाय. दुकानच न्हाई राहिलं तर ह्ये विमान कुठं उडवायलात? घरात?”

खरं होतं. म्हणजे प्रश्न असा उरला, की एकट्या अक्कासाठी दुकान बुडवायचं, की दुकानासाठी अक्काचा खेळ बुडवायचा. मी हो म्हणालो. खरं तर मी नुसती मान हलवली.

पण उस्तादांनी पान्हा खाली ठेवला. “नक्को. मैं चालू मशीन नै खोलता. चाळीस साल में नै खोला. बंद पडेला लाओ, मुर्दा लाओ, खोलता. जिंदे का पोस्टमार्टम मेरे से नै होता.”

“मग खटका बंद करतो,” दाजी म्हणाले.

“तुम बंद किए तो वो खून हुआ. खुद बंद होना.”

आणि हा माणूस चहा मागवून स्टुलावर बसला! आम्ही तिघं त्या मशीनसमोर असे बसलो, जसं एखाद्या म्हाताऱ्याचं शेवटचं चाललंय आणि नातेवाईक घड्याळ बघतायत. ते मात्र मरायला तयार नव्हतं. त्याच्या अंगावर दाजींनी खोचलेलं एक फूल होतं आणि ते गाणं म्हणत होतं.

साडेचारच्या सुमाराला अक्का आली. पाटी टेकवली, पदर खोचला. तिला सांगायला हवं होतं. मी दाजींकडे पाहिलं, दाजींनी उस्तादांकडे, उस्तादांनी बशीतल्या चहाकडे.

“आज सगळे सुतकात बसल्यागत कामून बसलात?” ती दांडी धरत म्हणाली. “सणाचा दिस हाय.”

“जरा दमलोय अक्का,” मी म्हणालो. तेवढं खरं होतं.

ती खेळली. काय खेळली! दुश्मनाची विमानं पावसाळ्यातल्या किड्यांसारखी पडत होती. “ह्ये घे कमठाण्याचं! ह्ये घे माझ्या झोपेचं!” मी ऐकत होतो आणि मला उगाच झोप आल्यासारखं वाटत होतं, ती थकलेल्या माणसाला रडण्याऐवजी येते तशी. तेवढ्यात पंखा मंदावला, पडदा आकसून मध्ये एक ठिपका झाला आणि विझला. करंट गेला. आमच्याकडे करंट जाण्यात बातमी काहीच नव्हती, रोजचंच होतं ते. पण उस्तादांनी कपबशी खाली ठेवली.

“आता रं?” अक्का हात कंबरेवर ठेवून उभी राहिली. “माझी तिन्ही हायत अजून. एकबी पडलं न्हाई. कवा येतोय करंट?”

“उद्या,” मी म्हणालो. “उद्या ये.”

“उद्या दसरा. बन्नी, झेंडू इकायला येणारच हाय. माझी तिन्ही राखून ठेव बरं का अण्णा.”

ती गाडीकडे गेली. उस्तादांनी मशीनवर हात ठेवला, ते गार झाल्याची खात्री केली आणि पान्हा उचलला. “खुद बंद हुआ,” ते म्हणाले. चाळीस वर्षांचं व्रत मोडलं नाही. विजेच्या खात्याने त्यांच्या आत्म्याची काळजी घेतली.

दसऱ्याला सकाळी मारामारीचं मशीन उजळलं. पोरं जमली, मुठी पडू लागल्या, दाजी बारा वर्षांत दुसऱ्यांदा हसले. (पहिलं कारण ताईला विचारा.) नारळाच्या वाट्या या वेळी आम्ही रस्त्यापलीकडे ठेवल्या होत्या. मी मात्र कोपऱ्याकडे पाठ करून उभा होतो. तिथे विमानाचं मशीन तोंड उघडं टाकून उभं होतं. नळीच्या जागी काळं चौकोनी भोक, आणि त्याच्या फळीवर कालचंच फूल.

अक्का दहाच्या सुमाराला आली. हातात बन्नीची, म्हणजे शमीची पानं, दसऱ्याचं सोनं म्हणून आमच्यासाठी. पहिली दोन पानं विमानाच्या मशीनवर ठेवायला तिने सवयीने हात पुढे केला आणि तो हात तसाच राहिला. तिने वाकून भोकात पाहिलं. मग माझ्याकडे. शिवी आली असती तर बरं वाटलं असतं. ती पाटी उचलून निघालीसुद्धा.

मी तिच्यामागे दोन पावलं टाकली.

दाराशी पोरांची गर्दी होती, म्हणून तिला मारामारीच्या मशीनला खेटून जावं लागलं. तिथे ती थांबली. पैलवानांच्या मागच्या निळ्या आभाळात तिला काहीतरी दिसलं होतं. मीही पुढे जाऊन पाहिलं. नळी जुनी. इतकी वर्षं एकाच जागी एकच चित्र उजळत राहिलं, की काच तिथे भाजून निघाली होती. पैलवान नाचत होते आणि त्यांच्या आरपार, पडद्याच्या कोपऱ्यात, पुसट करड्या रंगाची तीन छोटी विमानं उभी होती. उभी म्हणजे खरं तर नाही. विमानाच्या मशीनमध्ये नळी उभी बसवलेली होती आणि या मशीनमध्ये ती आडवी बसली, त्यामुळे तिन्ही कुशीवर लवंडली होती.

अक्काने एका पोराला कोपराने बाजूला सारलं. पदराने काच पुसली. विमानं पुसली गेली नाहीत. पुन्हा पुसली. मग हातातली बन्नीची पानं तिने मशीनच्या डोक्यावर, त्या भोकांपासून नीट बाजूला ठेवली, आणि सगळ्या पोरांदेखत, पेरू विकायच्या आवाजात ओरडली,

“अगं बया! आडवी पडल्यात, पण मेली न्हाईत की!”