कवायतीच्या सरांच्या मेंदूचा फोटो

शाळेत पस्तीस वर्षं कवायत शिकवून सर निवृत्त झाले, पण त्यांचे पाय काही निवृत्त झाले नाहीत. अलीकडे मात्र नावं निसटायला लागली. घरच्या जावयालाच त्यांनी दोनदा "ए, तिसऱ्या रांगेतल्या!" अशी हाक मारली, तेव्हा बायको त्यांना इस्पितळात घेऊन गेली. तिथे संशोधन चाललं होतं. म्हाताऱ्या माणसांचं विसरणं मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडल्यामुळे, की मेंदूच्या पेशीच झिजत चालल्यामुळे, हे एमआरआयच्या फोटोंवरून ताडून बघत होते. अट एकच : अर्धा तास हलायचं नाही.

"हे मला सांगता?" सर टेक्निशियनबाईंना म्हणाले. "मी पाचशे पोरं उन्हात उभी केली आहेत!"

यंत्र धडधडू लागलं. तो ठेका कानात शिरला मात्र, सरांची पावलं झोपल्या झोपल्या चालू पडली. फोटो हलला.

"सर, पाय," बाई माइकवरून म्हणाल्या.

"कुणाचे?" म्हणून सरांनी मान उचलून पाहिलं. दुसराही फोटो गेला.

बाई रडकुंडीला आल्या. शेवटी बायको उठली. "द्या तो माइक इकडे." आणि तिने दरडावलं, "सावधान!"

सर जागच्या जागी खिळले. अर्ध्या तासाने त्यांना बाहेर काढलं तरी उठेनात. मग तिलाच "विश्राम!" म्हणावं लागलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी फोटोतले पांढरे ठिपके दाखवले. पेशींची झीज वयाच्या मानाने फारशी नव्हती, बिघाड रक्तवाहिन्यांचा होता. "रक्तदाबाची गोळी घेता ना?"

"अगदी नियमित," सर छाती काढून म्हणाले. "दर सोमवारी."

बायकोने कपाळावर हात मारला. त्या दिवसापासून गोळी रोज सकाळी, तिच्या डोळ्यांदेखत.

वर्षभराने पुन्हा फोटो काढला. नवा ठिपका एकच होता. "वेग कमी झालाय," डॉक्टर म्हणाले, "पण पुढचं छातीठोक सांगता येणार नाही."

बाहेरच्या बाकावर बूट घालताना सर हळूच म्हणाले, "उद्या तुझंच नाव विसरलो तर गं?"

"मग नुसतं 'अगं' म्हणा. चाळीस वर्षं दुसरं काय म्हणत आलात?"

सर इतके हसले की बूट उलटसुलट पायांत गेले. ते बदलायला ती त्यांच्यापुढे खाली बसली.