मोहन्याच्या गाडीची यादी

"मॅडम, लिस्ट नाय आली. कोणाकोणाला घेऊ?"

सोमवारी सकाळी सहाला दशरथचा फोन आला, तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होते. दशरथ डायलिसिसच्या पेशंटची गाडी चालवतो. मोहन्याहून निघायचं आणि कल्याण, ठाकुर्ली करत बाळकुमच्या केंद्रावर पोचायचं. तिथे सवलतीत डायलिसिस होतं. ही सोय प्रमिलाताईंच्या छोट्या संस्थेची. ताई रिटायर्ड नर्स. आणि गाडीत कोण बसणार याची यादी करणारा प्रोग्राम माझा. फुकट करून दिलेला, त्यामुळे त्याचा मला जरा जास्तच अभिमान.

प्रोग्राम साधा होता. आदल्या दुपारी सगळ्या पेशंटना मेसेज जायचा, घरोघरी वापरतात त्याच मेसेजिंग ॲपवर. "उद्या येणार असाल तर १ पाठवा, नसाल तर २." एक किंवा दोन कोणीही कधी पाठवलं नाही. कोणी "जय भीम ताई" लिहायचं, कोणी "राम कृष्ण हरी", एक आजी नुसतं गुलाबाचं फूल पाठवायच्या. शेवटी मी हात टेकले आणि कोडमध्ये हे सगळं "येतोय" म्हणून धरलं. उत्तरच आलं नाही, तर "येत नाही".

त्या सोमवारी दशरथने आठवणीने गाडी भरली. गायकवाड काका राहिले. मागच्या महिन्यात ते दोनदा आले नव्हते, त्यामुळे याही वेळी नसतील असं त्याला वाटलं. काका मोहन्यात एकटेच राहतात. ते नाक्यावर पिशवी घेऊन उभे होते. त्यांचा ताईंना फोन गेला, तोवर गाडी ठाकुर्लीला पोचलेली. ती मागे फिरली, सगळ्यांनाच उशीर झाला आणि काकांना मशीन चार तासांऐवजी तीनच तास मिळालं. डायलिसिसमध्ये एक तास कमी म्हणजे तेवढं पाणी अंगातच राहतं. संध्याकाळी त्यांचे पाय सुजले.

मी लॅपटॉप उघडला. स्क्रीनवर एकच ओळ: ॲक्सेस बंद. मोठ्या कंपन्या आपल्या सेवेला एक मागचं दार ठेवतात. बाहेरच्या प्रोग्रामरने त्यातून आत जायचं आणि काम करून घ्यायचं. त्याला एपीआय म्हणतात. किल्ली आपल्याला देतात, पण दार त्यांचं आणि कुलूपही त्यांचंच. माझ्यासारख्या किरकोळ लोकांसाठी त्यांनी ते दार बंद केलं होतं. तशी मेल तीन आठवड्यांपूर्वीच आली होती. विषय होता, "आम्ही तुमचा अनुभव अधिक चांगला करत आहोत". असल्या मेल मी उघडतच नाही.

सपोर्टला लिहिलं. एका मिनिटात उत्तर आलं, म्हणजे माणसाचं नव्हतं. नव्याने अर्ज करा, कागदपत्रं जोडा, काही आठवडे लागतील. आमची पुढची गाडी बुधवारी होती. मी त्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

संध्याकाळी ताईंच्या घरी गेले. ताई मात्र शांत होत्या. "अगं सीमा, एवढं काय? मी फोन करून विचारते ना."

"ताई, चौदा जण आहेत."

"मग? वॉर्डात चाळीस असायचे."

ताईंनी फोन लावायला घेतले. प्रत्येकाला बोलायचं होतं. कोणाचं पोटॅशियम वाढलेलं, कोणाची सून माहेरी गेलेली. दोन तासांत सहा पेशंट झाले आणि ताईंचा आवाज बसला.

दशरथ दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "मॅडम, मी खाली आलो की बायकोला मिस्ड कॉल मारतो. ती वरून पिशवी सोडते. बोलायचं कामच नाय. असं काय नाय जमणार?"

का नाही जमणार? मी दहा वर्षं ठाण्याच्या कंपनीत मोठमोठ्या सिस्टिम केल्या आणि हे मला सुचलं नाही. मंगळवारी एक जुना फोन आणि नवं सिम घेतलं. कोणकोणत्या नंबरवरून रिंग आली तेवढं टिपणारा छोटा प्रोग्राम लिहिला. एक रिंग द्यायची, म्हणजे येतोय. कोणाच्या परवानगीची गरज नाही. ताईंनी सगळ्यांना तसं कळवलं.

चार वाजता पहिली रिंग आली आणि ताईंनी फोन उचलला.

"ताई, उचलू नका!"

"वाजला की हात जातो गं. तीस वर्षांची सवय."

फोन कपाटात ठेवून दिला. आतून तो वाजत राहिला आणि यादी भरत गेली. पाचपर्यंत तेरा नावं आली. मला नाचावंसं वाटत होतं. गायकवाड काकांचं नाव तेवढं नव्हतं.

"ते येत नाहीत," मी म्हटलं. "उत्तर नाही म्हणजे नाही."

"हे कोणी ठरवलं?" ताईंनी विचारलं.

"मीच."

ताईंनी काकांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"ताई, मी दुपारपासून लावतोय," काका म्हणाले. "ती बाई म्हणते रिचार्ज संपलंय. इनकमिंग तेवढं चालू आहे. म्हटलं, रिंग गेली नाही म्हणजे गाडी नाही येणार. राहू दे उद्याचं."

"मागच्या महिन्यात पण असंच झालेलं का?"

"हो ना. दोनदा नेट बंद पडलेलं. डॉक्टर ओरडले, आळस करता म्हणून. आता मी काय बोलणार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोनदा त्यांचं डायलिसिस माझ्या कोडच्या एका ओळीने बुडवलं होतं, आणि बोलणी त्यांनी खाल्ली.

दशरथने तिथल्या तिथे काकांचं रिचार्ज केलं. मी ती ओळ बदलली. आता पाचपर्यंत रिंग आली नाही, तर नाव लाल होतं आणि ताई त्या माणसाला फोन करतात. दर खेपेला एखाद-दुसराच असतो, मग हव्या तेवढ्या गप्पा मारतात. बुधवारी काका मोहन्याच्या नाक्यावरून सगळ्यात आधी गाडीत बसले आणि त्यांना पूर्ण चार तास मिळाले. तेव्हापासून त्यांची एकही खेप चुकलेली नाही.

मोठ्या कंपनीच्या मेल वाचाव्यात, हे मी शिकले. पण खरं सांगायचं तर, त्यांनी दार बंद केलं नसतं तर काका मधूनमधून घरीच बसले असते आणि माझा प्रोग्राम किती छान चालतो, हे मी लोकांना सांगत फिरले असते.